टाकीला घाण मिळेना

गावाबाहेर सांडपाण्याचा प्रकल्प उभा राहिला आणि ऑपरेटर म्हणून ताईला तिथं नेमलं. आधी ती पाणीपुरवठ्याच्या पंपावर होती. तिच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा तिला ताईच म्हणत. काम सरळ होतं. घराघरांतली घाण पाइपातून टाकीत यायची, ब्लोअर खालून हवा सोडायचा, त्या हवेवर जिवाणू जगायचे आणि घाण खाऊन टाकायचे. निवळलेलं पाणी मग नदीला.

पण घाणच येईना.

रस्त्याखालून पाइप गेला होता. घरातून तिथवर जोडणी मात्र ज्यानं त्यानं करून घ्यायची होती. खालच्या आळीतल्या थोड्या घरांनी ती घेतली. बाकीच्यांचे संडास, मोऱ्या पूर्वीसारख्याच उघड्या नाल्यात आणि नाला नदीत. टाकीतले जिवाणू उपाशी मरायला लागले. ताई शेण कालवून ओतायची, पण तेवढ्यानं काय भागणार? शेवटी ती दारोदार फिरायला लागली.

"ताई आली रे घाण मागायला!" न्हावी दुकानातून ओरडायचा. "शिळी चालेल का?"

"शिळी, ताजी, कसलीही द्या. पण द्या हो!"

सगळे हसायचे. हसून झालं की मग कुणाचा भाडेकरू जायचा असायचा, कुणाच्या पोरीचं लग्न उरकायचं असायचं. एकाचा पाइप शेजाऱ्याच्या अंगणातून न्यावा लागत होता. शेजारी म्हणाला, "त्याची घाण माझ्या दारातून? मेलो तरी नाही."

राहता राहिला तिचा थोरला भाऊ. वरच्या आळीत त्याच्या शब्दाला वजन. त्यानं जोडणी घेतली तर आळी मागोमाग आली असती. दादानं ऐकून घेतलं आणि पायानं फरशी दाखवली. "आत्ताच बसवलीय. फोडू?"

"कडेची एक ओळ निघेल, दादा. मी उभी राहून परत बसवून घेते."

"सांधा दिसतो मग."

आई आतून म्हणाली, "जाऊ दे गं. पाणी आलं न आलं, तुझा पगार थोडाच थांबणार आहे?"

ताई चपला घालून निघाली. आईलाही हे पगारासाठीच चाललंय असं वाटत होतं.

मग प्रकल्पाचे साहेब तपासणीला आले. त्यांनी टाकीत डोकावून पाहिलं. "एवढ्याशा पाण्यासाठी वीज जाळायची?" ताईनं हात जोडले. हवा थांबली तर जिवाणू जगणार नाहीत, हे परत परत सांगितलं. तरीही ब्लोअर उचलून दुसऱ्या गावच्या प्रकल्पाला गेला. टाकीतलं पाणी काळं पडलं, सडक्या अंड्यासारखं घाण मारायला लागलं. जी घरं जोडली होती त्यांचं पाणी टाकीला वळसा घालून थेट नदीत सोडा, असा हुकूम झाला. त्या वाटेची झडप ताईनंच उघडली. दोन्ही हातांनी, जोर लावून.

त्यानंतर वरच्या आळीतला नाला तुंबला आणि सगळी घाण दादाच्या नव्या फरशीवर आली. दुसऱ्या दिवशी दादा प्रकल्पावर हजर. "फोडतो फरशी. कर बाई जोडणी."

ताईनं त्याला टाकीपाशी नेलं. दादानं नाकाला रुमाल लावला.

"इथं काही जिवंत उरलं नाही, दादा. तुझी घाण जशीच्या तशी नदीत जाईल."

"पण माझ्या घरातून तर जाईल ना?"

"जाईल."

"मग झालं तर."

त्याच्या मागोमाग अख्ख्या आळीनं जोडण्या घेतल्या. पाइप तुडुंब वाहायला लागला. नाल्यात थोडीफार अडायची, जिरायची ती घाण आता सगळी थेट नदीत. ताईनं ब्लोअर परत मागितला, तर साहेब म्हणाले, तो तिकडे बसवून झालाय, नवीन येईल तेव्हा बघू. जोडण्या वाढवल्याबद्दल मात्र त्यांनी तिला शाबासकी दिली.

खालच्या गावच्या बायकांना नदीवर धुणं धुवायचं सोडून द्यावं लागलं. त्या येऊन ताईच्या तोंडावर शिव्या घालून गेल्या. आजही ती सकाळी येते, पाइपाच्या तोंडाशी बसवलेल्या जाळीत अडकलेल्या चिंध्या, पिशव्या काढते. नाही काढल्या तर पाणी मागं तुंबतं आणि गाव बोंब मारतं.