पाठवणीच्या गाडीची बॅटरी

आमच्याकडे कोकणात गाडीच्या बॅटरीची कोणी फारशी काळजी करत नाही. घर उतारावर, शाळा उतारावर, बाजारही उतारावर. रात्री गाडी तोंड खाली करून लावायची, चाकाला दगड द्यायचा. सकाळी दगड काढला, गाडी जराशी घरंगळली, गिअर टाकून क्लच सोडला की झालं. आठवीत शाळा सोडून मी एका जीपवर लागलो तेव्हापासून मला एवढंच माहीत. त्या जीपची बॅटरी जिवंत आहे की मेलेली, हे मी कधी विचारलंसुद्धा नाही.

पुढे रस्त्याच्या कामावर डंपर चालवायला म्हणून परतूरला आलो. काम संपलं, बरोबरची माणसं आपापल्या गावी गेली, मी राहिलो. गावी जाऊन करण्यासारखं काही नव्हतं, आणि इथे एक जुनी पांढरी पेट्रोल गाडी माझ्या आवाक्यात मिळत होती. दवाखान्याला, लग्नकार्याला भाड्याने चालवायची, असं ठरवून घेतली. घेतल्यावर लक्षात आलं की परतूर सपाट आहे. जिकडे बघावं तिकडे काळी जमीन, ताटासारखी. पहिल्याच आठवड्यात बॅटरी बसली आणि मी वेड्यासारखा उतार शोधत होतो. शेवटी गल्लीतल्या चार जणांनी गाडी ढकलली.

ज्या बाईंच्या घरात मी खोली घेऊन राहत होतो त्यांना सगळी गल्ली आत्या म्हणायची. मीही म्हणायला लागलो होतो. त्या ओट्यावर उभ्या राहून ही मिरवणूक बघत होत्या.

"रोज अशीच वरात काढणार का रे?" त्या म्हणाल्या. "जालन्याला जा, मस्तगडाला. तिथं एक चाचा हायेत, आमच्या ट्रॅक्टरला तेच बॅटरी देतेत. माझं नाव सांग."

चाचांच्या दुकानात मी आधी मोठ्या नावाची बॅटरी बघितली आणि किंमत ऐकून हात मागे घेतला. मग कोपऱ्यातली एक दुरुस्त केलेली जुनी बॅटरी दाखवून विचारलं, ही चालेल का? चाचा हसले.

"सस्ती पाहिजे ना बेटा? मंग सस्ती घे, पण नवी घे. ही जुनी तुला आज चालवंल, उद्या रस्त्यात उतरवंल." त्यांनी एक फारसं नाव नसलेली बॅटरी पुढे ओढली आणि तिच्यावरची तारीख बोटाने दाखवली. "रंग नको बघू, ही बघ. कधी बनली ते. दुकानात पडून राह्यलेली बॅटरी बसल्या बसल्या म्हातारी होते. आणि तुझ्या गाडीला लागते तेवढीच घे. मोठी घेऊन काय ट्रक चालू करायचा का?"

माझ्या गाडीतली जुनी त्यांनी ठेवून घेतली, तेवढे पैसे कमी झाले. बसवताना ते पुढेही काही सांगत होते. टोकं साफ ठेव, गाडी बंद असताना गाणे नको. मी मान हलवत होतो, पण सगळं लक्ष इंजिनच्या आवाजाकडे. किल्ली फिरवली आणि गाडी एका झटक्यात सुरू झाली. बरं वाटलं, इतकं की पुढचं काही ऐकूच आलं नाही.

त्या उन्हाळ्यात आत्यांच्या भाचीचं लग्न निघालं. लग्न परतूरलाच, मुलगा मात्र लांबचा, भोकरदनकडे पिंपळगाव रेणुकाईचा. नवरीच्या गाडीसाठी आत्यांनी माझं नाव सांगितलं. घरच्यांना ते फार पसंत नव्हतं. जुनी गाडी, त्यात ड्रायव्हर परमुलखातला. आदल्या साली गावात एका नवरीची गाडी ढकलून काढावी लागली होती. पुढे त्या पोरीला सासरी साधा ताप आला तरी बायका गाडीचंच नाव काढत. तो ड्रायव्हर परत कुठल्या लग्नात दिसला नाही.

"माझ्या शब्दावर घेतलंय तुला," आत्या म्हणाल्या. "तोंडावर पाडू नको बाबा."

मला त्या आठवड्यात नीट झोप आली नाही. गाडी धुतली, सीट घासल्या, टायर बघितले. लग्नाच्या दिवशी सकाळीच मांडवासमोर नेऊन लावली. नवरीच्या भावाच्या मित्रांनी फुलं लावली आणि दिव्यांची एक माळ बॅटरीला जोडून दिली. दुपारी आत्यांनी मला ओढून पंगतीला बसवलं. मी किल्ली गाडीलाच ठेवून आलो होतो, कारण पोरांना गाणी ऐकायची होती. लग्नघरी नाही कसं म्हणायचं?

जेवून परत आलो तर गाडीत पोरं दाटीवाटीने बसलेली, पंखा फुल, गाणी फुल. दिव्यांची माळ मात्र पिवळट पडलेली. पोरांना उतरवून मी किल्ली फिरवली. टक् असा आवाज झाला. पुन्हा फिरवली, पुन्हा टक्. मांडवात रडारड सुरू झाली होती, म्हणजे पाठवणी निघाली होती. नवरी बायकांच्या गराड्यात गाडीकडे येत होती.

आत्यांनी लांबूनच माझं तोंड बघितलं आणि डोळे पुसत बाजूला आल्या.

"काय झालं?"

"बॅटरी बसली."

"ढकलायची न्हाई," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "बिलकुल न्हाई. किती येळ लागंल?"

मांडववाल्याचा पिकअप मागच्या बाजूला उभा होता, त्याच्याकडे जोडायच्या केबल होत्या. मी तो दाखवला. "थोडा वेळ. पण बॉनेट उघडावं लागेल."

"मंग जा. मी बघते."

पुढे जे झालं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. आत्यांनी पदर डोळ्याला लावला, मोठा हंबरडा फोडला आणि नवरीच्या गळ्यात पडल्या. ती बिचारी पोरगी नुकती रडून शांत झाली होती. आत्यांचं बघून मावशी रडली, काकू रडली, शेजारीण रडली. पहिल्यापासून सगळं परत सुरू झालं.

"आत्या, झालं की आता," नवरी म्हणाली.

"गप. रड," आत्या तिच्या कानात म्हणाल्या. मग मोठ्याने, "अगं बाई, वहिनीच्या हातची ओटी राह्यली! चला माघारी!"

"भरली की मघाशी!" नवरीची आई, म्हणजे आत्यांची वहिनी, गोंधळून म्हणाली.

"मांडवात भरली. उंबऱ्यावर कुठं भरली? चल!"

सगळा बायकांचा घोळका नवरीला घेऊन घरात गेला. मुलाचे काका घड्याळ बघत ओरडले, "अहो, लई लांब जायचंय! जल्दी करा!"

दारातून आत्यांचा आवाज आला, "इतके वर्षं आमची व्हती, घटकाभर तुमाला जड झाली का?"

काकांनी बाही ओढून घड्याळ झाकलं. तेवढ्यात पिकअप माझ्या गाडीसमोर आला. मांडववाल्याने लालला लाल जोडलं, काळी केबल इंजिनच्या लोखंडाला लावली. दिव्यांची माळ मी उपटून काढली. त्याने पिकअप थोडा वेळ चालू ठेवला, मग मान हलवली. मी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. त्याने केबल काढल्या, बॉनेट पडलं, मी निसटलेली फुलं परत चिकटवली. नवरी दुसऱ्यांदा बाहेर आली तेव्हा गाडी शांतपणे गुरगुरत उभी होती. चाकाखाली नारळ ठेवला, तो फुटला, आणि आम्ही निघालो.

जालना, भोकरदन असं करत पिंपळगावात पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. घरी जाण्याआधी रेणुकेचं दर्शन घ्यायचं होतं. देवळासमोर गाडी थांबवली. आता बंद करावी की नाही, या विचाराने माझा हात किल्लीवरच अडकला. मागून नवरीचा आवाज आला, रडून बसलेला.

"दादा, चालूच राहू द्या. आम्ही पटकन येतो."

नवरदेव तिच्यामागोमाग उतरला. मी चालू गाडीत बसून देवळाकडे हात जोडले.

रात्र पिंपळगावातच काढली; सकाळी गाडी कशीबशी सुरू झाली, तेव्हा परतताना मस्तगडाला थांबलो. वाटेत भांडणाची वाक्यं जुळवून ठेवली होती. चाचांनी मीटर लावला, वर बघितलं. "मेली न्हाई बेटा, भुकी आहे. कोणी खाल्लं हिचं?" मी गाणी, पंखा, माळ सगळं सांगितलं. त्यांनी ती चार्जिंगला लावली आणि मागचं सांगणं पहिल्यापासून सांगितलं. या खेपेला मी ऐकलं. टोकांवर पांढरी बुरशी आली की खायच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुवायची, कोरडी करून व्हॅसलिन लावायचं. पकड हलू द्यायची नाही, खड्ड्यात बॅटरी हिंदकळून मरते. भाडं नसलं तरी मधूनमधून गाडी लांब फिरवायची, उभी ठेवायची नाही. आणि इंजिन बंद तर सगळं बंद. आज इतक्या दिवसांनी तीच बॅटरी गाडीत आहे.

त्या दिवशी दुकानातूनच मी आत्यांना फोन लावला. बॅटरी चांगली आहे, नुसती उतरली होती, असं सांगितलं.

"म्हंजे मी उगंच रडले?"

"तुमच्यामुळे वाचलो आत्या."

मग म्हणाल्या, "पहिलं रडले ते तुझ्यासाठी. उंबऱ्यावर ओटी भरताना मातर खरंच रडू आलं बघ. बरं झालं, तेवढी घटका मिळाली. तू जेवायला ये, भाकरी ठेवलीय."