मुहूर्ताचा भाव

ते टूल मी एकटीनं लिहिलंय, हे आधीच सांगून टाकते. आमच्या कंपनीत बैठकीत सगळ्यालाच "आपण केलं" म्हणायची पद्धत आहे आणि मला त्या पद्धतीचा राग येतो. क्रिप्टोकरन्सीच्या फ्युचर्समध्ये, म्हणजे पुढच्या भावावर होणाऱ्या सौद्यांमध्ये, शेकडो कॉन्ट्रॅक्ट दिवसभर वरखाली होत असतात. त्यातली सगळ्यात जोरात हललेली कोणती, ते माझं टूल दर मिनिटाला शोधतं आणि ओळीनं लावून देतं. मी स्वतः त्यात एक रुपया घालत नाही. मला शोधायला आवडतं, बस.

हे काम मी दिग्रसच्या घरात बसून करत होते आणि सगळं घोडं तिथंच अडलं होतं. चाचणीत टूल पास झालं तर कायमचं घरून काम, नाही तर पुण्याच्या ऑफिसात परत, असं कंपनीनं बजावलं होतं. बाबा निवृत्त होऊन घरी एकटेच होते. त्यांची काळजी वगैरे मी लोकांना सांगायचे, पण खरं म्हणजे मलाच त्यांच्याशिवाय करमत नव्हतं.

चाचणी करणाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात कुरकुर सुरू केली. यादीत वर दिसणारी नावं बघता बघता आपटतात, मग ही यादी काय कामाची? मी गणित चारदा तपासलं. चारही वेळा बरोबर. बरोबर असलेल्याला कोणी चूक म्हटलं की माझं डोकं फिरतं. लॅपटॉपवर माझी आरडाओरड चालली होती, तेवढ्यात बाबा चहा घेऊन आले.

बाबा बाजार समितीत मापारी होते. सारी नोकरी त्यांनी कापूस तोलण्यात घालवली. माझ्या कामाला ते सरसकट सट्टा म्हणायचे आणि स्क्रीनकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. त्या दुपारी मात्र कप ठेवताना वाकले.

"हे सगळ्यात वरतं काय व्हय व?"

"सगळ्यात जास्त वाढलेलं."

"कवापासून आलं हे बजारात?"

मी बघितलं. त्याच दिवशी सकाळी आलं होतं. त्याच्या खालचं आदल्या दिवशी.

"अन् मालाची आवक?"

"नावालाच आहे."

"मंग हा तं मुहूर्ताचा भाव हाये, बाई. याले कायले डोक्यावर घेऊन बसली?"

"बाबा, हा कापूस नाही."

"कापूस नसन. पन भाव तं हाये ना?"

हंगामातली कापसाची पहिली बंडी, म्हणजे बैलगाडी, आली की आमच्याकडे बैलांना कुंकू लावतात, शेतकऱ्याला शेला-नारळ देतात आणि व्यापारी त्या एका बंडीला हौसेनं चढा भाव देतो. दुसऱ्या दिवशी त्या भावानं कापूस मागायला गेलात तर तोच व्यापारी हसेल. बाबांचं बोट धरून मी हे दरवर्षी बघितलं होतं. एवढी शिकले आणि नेमकं हेच विसरले, म्हणून स्वतःची चीड आली.

मी संध्याकाळच्या आत नव्या कॉन्ट्रॅक्टना वेगळ्या यादीत हलवलं. ज्यात सौदे नावालाच होतात तेही मुख्य यादीतून काढले. पुण्याच्या ऑफिसातल्या माझ्या साहेबांना ते अजिबात पटलं नाही.

"मोठे आकडे वर दिसले की लोक थांबतात," ते फोनवर म्हणाले. "परत वर घे."

"मुहूर्ताचा भाव मी बाजारभाव म्हणून दाखवणार नाही. तसाच हवा असेल तर दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या."

मी फोन ठेवला. पुण्याला जावं लागणार, हे मी धरूनच चालले. बाबांना मात्र काही बोलले नाही.

साहेबांनी दोन आठवडे जुनी आणि माझी नवी, अशा दोन्ही याद्या चाचणीवाल्यांसमोर ठेवल्या. मग एका सोमवारी व्हिडिओ कॉल आला. स्क्रीनवर सात चेहरे होते.

"लोक तुझीच यादी वापरतायत," साहेब म्हणाले. "तीच ठेवू. तू दिग्रसलाच राहा. पण हे सुचलं कसं तुला?"

"मला नाही सुचलं. बाबांना सुचलं."

"आहेत का घरी? त्यांच्याकडूनच ऐकू."

बाबा दारातच उभे होते. "थांबा म्हना त्यायले," म्हणून लगबगीनं आत गेले. बनियनवर होते, शर्ट घालायचा होता.

मार्केटात हर्रास, म्हणजे लिलाव, होऊन भाव ठरला की मगच मापाऱ्याला हाक मारतात. भावाबद्दल बाबांचं मत साऱ्या नोकरीत कोणी विचारलं नव्हतं. आता सात माणसं कामं सोडून त्यासाठीच थांबली होती. मला बाबांचा फार अभिमान वाटला. मी उठले आणि माझी खुर्ची बाबांसाठी कॅमेऱ्यासमोर सरळ करून ठेवली.