फोनवर घेतलेली वजनं

मी मामाच्या घरातल्या चार माणसांचं वजन फोनवरून घेतलं. पुढच्या खेपेला तर फोनही केला नाही.

हा पराक्रम एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षातला, गोंदियाच्या सरकारी मेडिकल कॉलेजातला. ज्या जागेसाठी मी दोनदा नीट दिली आणि आईनं दोन वर्षं नागऱ्याच्या महादेवाला सोमवार धरले, त्या जागेवर बसून मी हे केलं. आमच्याकडे प्रत्येक विद्यार्थ्याला खेड्यातली तीन घरं दत्तक देतात. घरच्यांचं वजन, बीपी, ताप, खोकला तपासायचा, लॉगबुकात लिहायचं आणि हा विषय शिकवणाऱ्या मॅडमची सही घ्यायची. सही नसेल तर परीक्षेचा फॉर्म भरता येत नाही. मग आपली बॅच पुढे जाते आणि आपण ज्युनियरांच्या बाकावर, त्यांनी ‘सर’ म्हणायचं की नाही हे ठरेपर्यंत, अवघडून बसतो.

आमच्या बॅचला दवनीवाडा आलं. ते माझं आजोळ. नातेवाइकांचं घर घ्यायचं नाही असं मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी तेव्हा शेवटच्या बाकावर होतो, ऐकू आलं नाही असं समजलो. आडनाव वेगळं असल्यामुळे मामाचं घर माझ्या यादीत आरामात बसलं.

श्रावणात, धानाच्या रोवण्या आटोपल्यावर, पहिली खेप मी रीतसर केली. कॉलेजचा वजनकाटा खांद्यावर घेऊन गेलो. आजा, मामा, मामी आणि बारावीतली मामेबहीण, चौघांना उभं करून वजन घेतलं. बीपीचा पट्टा बॅगेतच राहिला, कारण तोवर मामीनं ताट वाढलं होतं. चौघांच्या नावापुढे एकशेवीस-ऐंशी लिहिलं. तो आकडा कुणाला लागू पडत नाही?

दुसरी खेप दिवाळीनंतरची. माझी इंटर्नल परीक्षा डोक्यावर होती. मी मामाला फोन लावला.

“मामाजी, सगळ्यांचं वजन पाहिजे होतं.”

“अरे, आजच काटा आला आंगणात. धान मोजून राहिले. थांब, त्याच्यावरच उभे होतो सारे.”

अर्ध्या तासानं मामानं चिठ्ठीचा फोटो पाठवला. चौघंही दोन-दोन किलोंनी उतरले होते. कापणीचे दिवस आहेत, माणूस सुकतोच, असं म्हणून मी आकडे उतरवले.

तिसरी खेप जानेवारीत, माझ्या खोलीत, रजईत बसून झाली. मी मागचे आकडे पाहिले. वजन खाली जात होतं, मग अजून थोडं जाणारच. मामाचा दीड किलो कापला, मामीचा एक, आज्याचा एक, बहिणीचे दोन. सगळ्यांचे सारखे कापले तर संशय येईल, एवढी अक्कल होती. सल्ल्याच्या रकान्यात लिहिलं, ‘संतुलित आहार घ्यावा.’

सोमवारी मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. लॉगबुक समोर उघडं होतं.

“चार माणसांचं घर,” त्या म्हणाल्या. “पाच महिन्यांत चौघांचं वजन उतरलंय. वाढत्या वयाच्या मुलीचं चार किलो. तुम्हाला काय वाटतं?”

“संतुलित आहार, मॅडम.”

त्यांनी चष्मा काढला. “एका घरात सगळेच वाळताहेत म्हटल्यावर मला आधी टीबी आठवतो. गुरुवारी पूर्ण बॅच जाईल. थुंकीचे नमुने घेऊ. तोवर हे माझ्याकडे.” लॉगबुक ड्रॉवरमध्ये गेलं. फॉर्मची शेवटची तारीख शनिवारी होती.

तिथेच खरं सांगता आलं असतं. मी ‘येस मॅडम’ म्हणालो आणि दार ढकलायच्या ठिकाणी ओढत बसलो.

त्या तीन दिवसांत मी जेवलो की नाही ते आठवत नाही, पण माझं वजन नक्की उतरलं असेल. सुरुवातीला भीती एकच होती, वर्ष जाणार. मंगळवारी मामाला फोन केला.

“मामाजी, गुरुवारी कॉलेजचे लोक येतील. तुम्ही जरा बारीक दिसाल का?”

“कायले?”

“असंच. त्या दिवशी जेवण कमी करा.”

“काऊन बा, उपास हाये का तुह्या मॅडमचा?” आणि मामा खोकला.

तो खोकला मला आवडला नाही. “मामाजी, खोकला कधीपासून आहे?”

“बिडी धरली तवापासून.”

मागून मामीनं विचारलं, “पाहुणे किती हायेत? पोहे कराचे का भात टाकाचा?” मी फोन ठेवला.

त्यानंतर भीतीनं बाजू बदलली. आकडे खोटे आहेत हे मला ठाऊक होतं. पण सगळेच कुठे खोटे होते? दुसऱ्या खेपेचे दोन किलो तर खरोखर काट्यावर कमी भरले होते. मामा खोकतो. दिवाळीच्या फराळाला गेलो तेव्हा बहीण थकलेली वाटली होती, की अभ्यासानं? मी चौघांना पाच महिन्यांत नीट पाहिलंच नव्हतं, त्यामुळे ते आजारी नाहीत असं छातीठोक सांगायचा मला सगळ्यांत कमी अधिकार होता. पुस्तकात टीबीचा धडा काढला. त्यातलं एकेक लक्षण मामाच्या अंगावर बसवून पाहिलं. सगळी बसत होती. दोन माझ्याही अंगावर बसत होती.

गुरुवारी कॉलेजची बस दवनीवाड्यात शिरली. माझ्या शेजारी कोल्हापूरचा मित्र बसला होता, त्याला काहीच माहीत नव्हतं. “तुझे हात का थरथरत्यात?” त्यानं विचारलं. म्हटलं, रस्ता खराब आहे. बस तेव्हा उभी होती.

मामा धुतलेला सदरा घालून अंगणात तयार होता. आमच्या भागात मामा भाच्याच्या पाया पडतो. लहानपणापासून पडत आलाय, त्यात नवल काही नाही. मला फक्त ते आधी आठवलं नाही. मॅडमच्या नि पंचवीस पोरापोरींच्या देखत पंचावन्न वर्षांचा माणूस वाकला आणि त्यानं माझ्या दोन्ही पायांना हात लावला.

“अरे, हे लोक तुला देव मानत्यात काय?” मित्र कानाशी कुजबुजला.

मॅडमनाही तसंच काहीतरी वाटलं असावं, कारण त्या मामाला म्हणाल्या, “असं डॉक्टरच्या पाया पडायचं नसतं.”

“डॉक्टरच्या कायले पडन मी?” मामा म्हणाला. “भाचा होय माहा.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी तुळशीकडे पाहिलं.

वजनकाटा मांडला गेला. आजा, मामी, बहीण, सगळे श्रावणात होते तेवढेच भरले. मामा तर किलोभर वरच. मॅडमनी आकडे दोनदा वाचले. मामा मोठ्या कौतुकानं म्हणाला, “दिवाळीच्या टायमाले मीच पाठवलं होतं ना वजन. धानाच्या काट्यावर उभे होतो सारे.”

“तेव्हा कमी कसं भरलं?”

“कमी कुठं? कडता कापला त्यानं.” आणि मामानं मॅडमना समजावून सांगितलं की पोत्यामागे दोन किलो कडता कापतात, पोत्याचं वजन आणि मातीकचरा म्हणून. व्यापाऱ्याचा माणूस चिठ्ठी लिहीत होता, त्यानं सवयीनं आज्याचाही कापला. “मी म्हटलं, अरे हा माहा बाप होय. त म्हणते, काका, कटाई तो सबकी होगी.”

बॅच हसली. मला मात्र आधी सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे कुणाला काही झालेलं नव्हतं. ते सुख फार टिकलं नाही.

“आणि जानेवारीत?” मॅडमनी मामीला विचारलं. “तेव्हा वजन घ्यायला कधी आले होते हे?”

“जानेवारीत? हा त दिवाळीपासून दिसलाच नाही.”

कुणी हसलं नाही. मला वाटलं, आता लॉगबुक फाटणार. मॅडमनी ते पिशवीतून काढून माझ्या हातात दिलं. मग म्हणाल्या, “थुंकीचे डबे गाडीत ठेवा. आणि तुम्ही. या घराऐवजी दुसरं घर द्यायला आता वेळ नाही. शनिवारी चारच्या आत तिन्ही घरं, प्रत्येक माणूस, स्वतःच्या हातानं. बीपीसुद्धा. एकही आकडा ठोकळ दिसला तर मी स्वतः येऊन मोजेन.”

सही झाली हे आत्ताच सांगून टाकतो, शनिवारी पावणेचारला. पण त्याआधीचा शुक्रवार राहिला.

दोन घरं उरकून संध्याकाळी मामाकडे पोचलो. आज्याचं बीपी घेतलं, बहिणीचं, मामाचं. मामी चुलीजवळून उठून आली, पदरानं हात पुसत. पट्टा बांधला. एकशेबावन्न, खाली अठ्ठ्याण्णव. वाटलं, चुकलो. पाच मिनिटं बसवून पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. दुसऱ्या दंडावर घेतलं. तेच. लॉगबुकात तिच्या नावापुढे, माझ्या सुवाच्य अक्षरात, तीन वेळा एकशेवीस-ऐंशी होतं.

“मामी, चक्कर येते का? डोकं दुखते?”

“पोळ्याच्या सणापासून दुखते.”

“मग सांगितलं काऊन नाही?”

“तू इचारलं कवा?”

मी आकडा लिहिला. तिला म्हटलं, मीठ कमी कर, उद्याच आरोग्य केंद्रात जा, गोळी सुरू करावी लागेल कदाचित. मी सोबत येतो. ती दंडावरचा पट्टा सोडून नीट गुंडाळत होती, मी कधी गुंडाळत नाही इतका नीट. तो माझ्या हातात देऊन म्हणाली, “तू लिहून घे तुह्या वहीत. मी सकाळी आशाताईकून बरोबर मोजून घेईन.”