सत्तेचाळीस कोरे प्रश्न

नक्कल विभागात तिला सगळे नक्कलताई म्हणत. कोर्टाच्या निकालांच्या प्रती तिच्या हातून बाहेर जात, आणि जाण्याआधी मूळ कागदाशी ताडून पाहिल्या जात. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने प्रतीवर बोट फिरवायचं. तिची जोडीदारीण बदलून गेली त्याला दीड वर्ष झालं. जागा भरली नाही. तेव्हापासून ताई स्वतःच वाचते आणि स्वतःच ऐकते. सुरुवातीला शिपाई दारातून डोकावून हसायचा. आता तोही डोकावत नाही.

वकिलांचे शब्द इतकी वर्षं उतरवल्यावर, एकोणचाळिसाव्या वर्षी, ती कायद्याच्या प्रवेश परीक्षेला बसली. अभ्यास कसून केला होता. प्रवेश नऊ गुणांनी हुकला. पुन्हा बसायचं तर अर्जाची मुदत आज, शनिवारी, संध्याकाळी सहापर्यंत होती.

दुपारी ऑफिस सुटताना तिने उत्तरपत्रिका हेडक्लार्कपुढे ठेवली. त्यांनी पानं उलटली. दीडशेपैकी एकशे तीन सोडवलेले, त्यांतले शहाण्णव बरोबर. उरलेले सत्तेचाळीस कोरे. झोप लागली होती का, त्यांनी विचारलं. तिने खरं ते सांगितलं. एक गोल भरला की ती प्रश्न पुन्हा वाचायची, चारही पर्याय वाचायची, मग बोट लावून ताडायची. घंटा झाली तेव्हा पेपर बराच उरला होता.

"अहो ताई, चुकीला गुण कापत नव्हते. डोळे मिटून गोल भरले असते तरी नऊ लागले असते."

"डोळे मिटून कसं भरणार?"

हेडक्लार्कनी कपाळाला हात लावला. "तिथे कोणी नक्कल मागायला आलं नव्हतं हो," ते म्हणाले, आणि छत्री घेऊन निघाले.

घरी येऊन तिने दादाला फोन केला. फोन वहिनीने उचलला, मग दादा आला. वकील होईपर्यंत पंचेचाळिशी येईल, आता हा ताप कशाला, असं म्हणाला. बाकी तुझी मर्जी. मागे टीव्ही चालू होता. तिला हो हवं होतं, नाहीतर सरळ नको. घरात तर नको म्हणायलाही कोणी नव्हतं.

साडेचारला तिने घड्याळ पुढ्यात घेतलं. वीस प्रश्न, सोळा मिनिटं. पहिल्या खेपेला तेरावर अडकली. तेराही बरोबर. दुसऱ्या खेपेला नवे वीस घेतले आणि सोडवून झालेल्या प्रश्नांवर टॉवेल टाकत गेली. हात तीनदा टॉवेलखाली गेला, तीनदा तिने तो ओढून काढला. वीसही झाले. चार चुकले होते.

ती त्या चार चुकांकडे बघत राहिली. विभागातून असा कागद तिने कधी सोडला नव्हता. पण सोळा हे तेरापेक्षा जास्त होते, आणि सोळाच्या हिशेबाने प्रवेश मिळत होता.

पावणेसहाला तिने अर्ज भरला. यापूर्वी परीक्षा दिली आहे का? हो. मग तिने बटण दाबलं. अर्ज पोचल्याचं पडद्यावर आलं. खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता.

तिने तिसरे वीस प्रश्न काढले. चौथ्या प्रश्नाला शंका आली तेव्हा तोंडून आपसूक "थांब" निघालं, नक्कल ताडताना जोडीदारणीला म्हणतात तसं. तिने टॉवेल चौथ्यावर ओढला. मग पाचवा वाचायला लागली.