तीन भाऊ आणि तळाची एक ओळ

दिघीचा प्रितम सोनकांबळे त्या आठवड्यात फोन वाजला की तो उशीखाली सरकवायचा. माणूस तसा भित्रा नव्हे. पण एका कामाचे तीन मालक, आणि तिघेही सख्खे भाऊ म्हटल्यावर भलाभला मेटाकुटीला येतो.

प्रितम वेबसाइट बनवायचा. भोसरीच्या एका ऑफिसात त्यानं ऐन उमेदीची वर्षं घातली, ढिगानं वेबसाइट उभ्या केल्या, आणि प्रत्येकीच्या तळाशी नाव लागलं ते ऑफिसच्या मालकाचं. शेवटी वैतागून बाहेर पडला. स्वतःचं म्हणून पहिलं काम मिळालं ते चाकणच्या यशवंतरावांचं. यशवंतराव, जयसिंग आणि हिरामण, या तिघा भावांचा पत्र्याचे पार्ट दाबून काढायचा कारखाना. त्यांची वेबसाइट इतकी जुनी, की मोबाइलवर उघडली तर अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडायची. तिला नवी थीम बसवायची होती, म्हणजे आतला मजकूर तोच ठेवून वरचा सगळा साज बदलायचा.

काम घेतानाच प्रितमनं भीत भीत विचारलं होतं, "आबा, तळाशी बारीक अक्षरात माझं नाव टाकू का? त्यावरून पुढची कामं मिळतात."

"टाक की लेका! तुझंच काम हाय," यशवंतराव म्हणाले होते.

तेवढ्यावर गडी खूश. घरी जाऊन सांगितलं. वडील भीमराज पिंपरीच्या कंपनीतून रिटायर झालेले. त्यांनी विहारातल्या चार जणांना सांगूनही टाकलं, की पोराचं नाव येतंय, बघा बरं का. आई केसरबाई तर रोज ताट वाढताना विचारायची, "आलं का रे नाव?"

थीम बसली झकास. रंग जुळले, मशिनींचे फोटो चकाचक दिसायला लागले. घोडं अडलं ते मालकांच्या फोटोंपाशी. प्रितमनं रीतीप्रमाणे थोरल्यापासून सुरुवात केली. आधी यशवंतराव, मग जयसिंग, मग हिरामण. आणि या नव्या थीमचा कायदा असा, की ज्याचा फोटो शेवटी चढवला तो सगळ्यात वर! धाकटा हिरामण डोक्यावर आणि थोरले आबा पायाशी. आता आपल्याकडे फ्लेक्सवर कुणाचा फोटो कुठं, यावरून सोयरिकी मोडतात, हे काय सांगायला हवं?

"मी मेलो का रं?" यशवंतरावांचा फोन. "मला तळाला घातलंस ते?"

प्रितमनं माफी मागून थोरल्याचा फोटो पुन्हा चढवला. पण वेबसाइटचा पासवर्ड तिघांकडेही होता. "आमच्या घरात लपवाछपवी न्हाई," म्हणत यशवंतरावांनीच तो पेढ्यासारखा वाटला होता. फोटो नव्यानं चढवला की आपण वर जातो, हे जयसिंगला कळलं. मग हिरामणला कळलं. सकाळी जयसिंग वर, चहा होईतो हिरामण वर, दुपारी यशवंतरावांची सूनबाई सासऱ्याला वर चढवून मोकळी. एकदा तर जयसिंगच तीन वेळा दिसत होता. आणि दर खेपेला शिव्या खायला प्रितम! तीन तिघाडा, काम बिघाडा म्हणतात ते काय उगाच? बिचारा इतका शिणला होता, की जेवताना घास तोंडाशी धरून तसाच बसून राहायचा.

शेवटी शनिवारी दुपारी तो लॅपटॉप घेऊन कारखान्यात जाऊनच बसला. थीमचा तो कायदाच काढून टाकला, वयाप्रमाणे क्रम पक्का केला, पासवर्ड बदलला आणि तिघांना केबिनमध्ये बोलावलं. तिघांनी बघितलं. माना डोलावल्या. प्रितमच्या छातीवरची धोंड उतरली.

तेवढ्यात जयसिंगनं पान खाली सरकवलं. "हे कोण रं? प्रितम भीमराज सोनकांबळे?"

"मीच, भाऊ. आबा म्हणाले होते, टाक म्हणून."

सगळ्यांनी आबांकडे बघितलं. आबांनी मान खाजवली. "तीन नावांवरनं घरात एवढं पेटलं, त्यात आणिक चौथं कशाला? काढून टाक. वाईट वाटून घेऊ नको, हां."

"व्हय, ते काढाच," हिरामण म्हणाला. आठवडाभरात तिघा भावांचं एकमत झालं ते या एकाच गोष्टीवर.

प्रितमला फार वाईट वाटलं. शब्द दिला होता तुम्ही, असं म्हणायचं होतं त्याला. पण भांडायलाही अंगात त्राण लागतं, आणि ते या लोकांनी कधीच संपवलं होतं. त्यानं स्वतःच्या हातानं ती ओळ पुसली. चहा आला तो प्यायला, नमस्कार केला आणि बाहेर पडला.

चाकण चौकातल्या गर्दीत गाडी अडकली होती तेव्हा केसरबाईंचा फोन आला. "तुझे पप्पा म्हणाले आज होणार. उघडलीय बघ आमी. विहारातली मंडळीबी आलीत." मग ती मोठ्यानं वाचायला लागली. "यशवंतराव... जयसिंग... हिरामण... पत्ता हाय, फोन नंबर हाय. अजून किती खाली जाऊ रे?"

"एवढंच आहे, आई," प्रितम म्हणाला.