गढूळ पाण्यातली पांढरी फिरकी

वंदना पाण्यात गेली तेव्हा पेशकार साहेब दगडावर उभे राहून वारा पाहत होते.

वंदना माझी सून. कमरेएवढ्या पाण्यातून चालता चालता ती एकदम दिसेनाशी झाली. वर आली, तोंड उघडलं, पुन्हा खाली गेली. परत वर आली तेव्हा डिझेलचा रिकामा कॅन तिनं छातीशी धरला होता, म्हणून तरंगली. तलाव तुडुंब भरला होता. सांडव्यावरून पाणी पडत होतं, आणि वारा न् पाणी दोन्ही तिला तिकडेच नेत होते. सांडव्याखाली नुसते खडक आहेत. मला पोहता येत नाही. काठावर साहेबांशिवाय दुसरं माणूस नव्हतं.

"साहेब, उडी मारा ना! काऊन उभे राह्यले?" मी ओरडले.

"मलेबी पोहता येत नाही, गयाबाई," ते म्हणाले. "थांबा. मौका पाहू द्या."

मी त्यांना त्या वेळी ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहीत नाही.

हा मौका म्हणजे काय, आणि हे साहेब कोण, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ते तहसील कचेरीत पेशकार होते, म्हणजे तहसीलदारापुढं कागद मांडणारे. तिथं निजामाच्या वेळचे शब्द अजून चालतात. जमिनीचा तंटा आला की कागदावर न जाता जागेवर जाऊन पाहायचं, त्याला मौका पाहणं म्हणतात. नोकरी संपल्यावर साहेब बायकोला घेऊन आमच्या गावी, बाजारहत्नूरकडच्या आपल्या जुन्या घरी राहायला आले. कचेरी सुटली, शब्द काही सुटला नाही. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, वांगी आणायला पाठवलं तरी हे माझ्या वाफ्याभोवती हात मागं बांधून फिरायचे. "पैले मौका पाहू, मंग हुकूम देऊ," म्हणायचे. हुकूम कसला, चार वांगी घ्यायची असायची.

माझा भाजीचा तुकडा तलावाला लागून आहे. एका सकाळी हे माझ्या वाफ्यापुढच्या दगडावर काठी घेऊन उभे. इस्त्रीचा सदरा, कपाळाला गंध, आणि हातात चाकवाली विलायती काठी. काठी फिरवली, काहीतरी चमकत उडालं, दूर पाण्यात पडलं. मग चाक फिरवून ते परत ओढून घेतलं. पुन्हा तेच. मी खुरपं ठेवून विचारलं, "काय टाकून राह्यले हो पाण्यात?"

"फिरकी. मरळ लागते याले."

"तुमी तर मासे खात नाही ना?"

"मी कुठं खाणार हाव? मले फक्त पाहाचं हाय, ते माही फिरकी खाते का नाही."

मला वाटलं, माणूस चळला. पण त्यांनी धरलेली मरळ त्या दिवशी माझ्या घरी शिजली, म्हणून मी पुढं काही बोलले नाही. मरळीला आमच्या बाजारात तेलुगूत कोरमीनू म्हणतात. गवतात दडून बसते, आणि चवीला तिच्यासारखा मासा नाही.

त्यांचा मुलगा हैदराबादेहून फिरक्या पाठवायचा. खरं नाव स्पिनरबेट, पण ते म्हणताना माझी जीभ वळत नाही. चिमट्यासारखी वाकवलेली एक तार असते. खालच्या टांगेला शिशाचं डोकं, त्यात आकडा, आकड्यावर रबरी झालर. वरच्या टांगेला पातळ पाती, ती पाण्यात गरगर फिरते. तारेची वरची टांग आकड्याच्या पुढं आडवी येते, म्हणून फिरकी गवतातून ओढली तरी अडकत नाही. "हीच तिची खुबी," साहेब म्हणायचे. फिरक्या ठेवायला निर्मल गावची लाकडी पेटी होती, झाकणावर मोर रंगवलेला. ती पेटी काकूंच्या माहेरची. त्यात त्या बांगड्या ठेवायच्या. काकू मला म्हणाल्या होत्या, "गयाबाई, माह्या बांगड्या आता बिस्किटाच्या पुड्यात हायत, आन् याइच्या तारा मोराखाली."

कोणती फिरकी बांधायची हे ठरवायला त्यांना इतका वेळ लागायचा की तेवढ्यात माझी भेंडी तोडून व्हायची. आधी पाण्यात हात बुडवायचा, कोपरापर्यंत. बोटं दिसली तर पाणी निवळ. मग कडुलिंबाच्या पानासारखी लांब पाती आणि पांढरी झालर. "निवळ पाण्यात मासोळी डोळ्यानं पाहते. बारीक, चमकदार पायजे, आन् पळवाची, म्हणजे तिले शंका घ्याले टाईम भेटत नाही." बोटं दिसली नाहीत तर पाणी गढूळ. मग रुपयाएवढी गोल पाती, पिवळी झालर, आणि हळू ओढायची. "आता तिले दिसून नाही राह्यलं. ऐकू गेलं पायजे. गोल पाती पाण्याले धक्के देते." आभाळ भरून आलं की काळी झालर. थंडीत मासा सुस्त असतो, तेव्हा फिरकी तळाशी रेंगाळत ठेवायची. वारा सुटला की जड.

आदिलाबादेहून एकदा एक गृहस्थ मोटारसायकलवर आले. ऐन पावसाळ्यात त्यांनी पांढरी फिरकी टाकायला घेतली. साहेबांना राहवेना. "भाऊसाहेब, गढूळ पाण्यात पांढरी म्हणजे कचेरी बंद झाल्यावर दरख्वास्त आणल्यासारखं हाय. आत पाहाले कोनी नाही." त्या गृहस्थाला तरीही मासा लागला. साहेब आपली काठी उचलून घरी निघून गेले.

स्वतःला काही लागलं नाही तर मात्र कुणाला दोष द्यायचे नाहीत. "माहा पंचनामा चुकला," एवढंच म्हणायचे आणि फिरकी पुसून पेटीत ठेवायचे.

वंदना मुधोळची. लग्न होऊन आली तेव्हा फार बोलायची नाही, पण साहेबांच्या दगडापाशी तिची खुरपणी रेंगाळायची. तिला ते सगळं पाहायचं असायचं. मी टोकायची, "मिरची तिकडं हाय, पाण्यात नाही." साहेब तिची बाजू घ्यायचे. एकदा काठी तिच्या हातात दिली. तिनं पहिल्याच फेकीत फिरकी माझ्या पदरावर आणून टाकली. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "सूनबाईचा हात हलका हाय. निशाण तेवढं पाहाले लागंल."

आता त्या दिवसाचं.

उन्हाळ्यात तलाव आटला की उघड्या पडलेल्या गाळात आम्ही काकडी, टरबूज लावतो. पाणी खेचायला डिझेल इंजिन, आणि पाइपाच्या तोंडाला जाळीचा फूटबॉल, म्हणजे फूट व्हॉल्व्ह, तो एका खुंट्याला बांधलेला. आमच्या शेतातून खुंट्यापर्यंत एक बांध जातो, त्यावरून चालत जायचं. पाऊस आला की बांध पाण्याखाली जातो, पण पायाला वाट ठाऊक असते. सगळेच तसे जातात. त्या वर्षी पाऊस अचानक आला आणि पाइप, फूटबॉल आत राहिला. वंदना आणायला निघाली, पाइप तरंगवायला रिकामा कॅन घेऊन. मीच म्हटलं, "बांधाबांधानं जाय."

बांध तिथं नव्हता. उन्हाळ्यात लोक तलावातला गाळ ट्रॅक्टरनं शेतात नेतात. कुणीतरी खणताना बांधही खणून नेला होता, आणि तिथं खोल खड्डा झाला होता. कोरडं असताना आम्ही त्याला वळसा घालून जायचो. पाण्याखाली तो कुणाच्या ध्यानात राहिला नाही. पायाला उन्हाळ्यातली वाट आठवली, उन्हाळ्यातला खड्डा आठवला नाही.

साहेबांनी वारा पाहिला, सांडव्याकडे पाहिलं, वंदनाकडे पाहिलं. मग दोऱ्याला आधीच बांधलेली गोल पातीची पिवळी फिरकी त्यांनी दातानं तोडून टाकली आणि पेटीतून पांढरी काढली. जड, लांब पातीची. इतक्या वर्षांत ऐकून ऐकून तेवढं मलाही कळत होतं. मी किंचाळले, "गढूळ पाण्यात पांढरी कुठं बांधता!"

"मासोळीसाठी नाही बांधून राह्यलो," ते म्हणाले. "गोल पाती हवेत अडते. हे दूर जाते."

फिरकी गेली. वंदनाच्या पलीकडं पडली. साहेबांनी ओढून आणली ती बरोबर तिच्या खांद्यावरून. वंदना उन्हापासून बचाव म्हणून लुगड्यावर माझ्या मुलाचा जुना शर्ट घालते, शेतात आम्ही सगळ्याच घालतो. फिरकी त्या शर्टावरून सरसर घसरली आणि पाण्यात पडली. अडकली नाही. कशी अडकणार? अडकू नये म्हणूनच तर तिची तार तशी वाकवलेली.

वंदना आणखी पुढं गेली होती. सांडव्याचा आवाज मोठा झाला होता, की मलाच तसा वाटला, ठाऊक नाही.

साहेबांनी फिरकी हातात घेतली. वरची टांग दगडाच्या फटीत घातली, दोनदा इकडंतिकडं वाकवली, मोडली. पाती दगडावर पडली. आता दोऱ्याला नुसतं शिशाचं डोकं आणि उघडा आकडा. ते दगडावरून उतरून काठाकाठानं पळत पुढं गेले, सांडव्याच्या अलीकडं, आणि पुन्हा फेकलं.

आकडा शर्टात बसला. वंदना ओरडली, तेव्हा कळलं की खांद्यातही बसला.

"पोरी, कॅन सोडू नोको!" साहेब ओरडले. "दोऱ्याले हात लावू नोको, बोटं कापंल!"

काठी वाकून कमान झाली. ते ओढतच नव्हते, नुसते पाय रोवून उभे होते. मी म्हटलं, "ओढा ना हो!"

"ओढलं तर तुटंल. मी धरून ठेवतो. पाणीच आणंल तिले."

आणि तसंच झालं. खुंट्याला दाव्यानं बांधलेली गाय जशी चरत चरत गोल फिरते, तशी वंदना गोल फिरत काठाकडं आली. सांडवा जवळ येत होता आणि काठही जवळ येत होता. आधी काय येतं ते मी पाहत बसले नाही. गुडघ्याएवढ्या पाण्यात शिरले. हाताला तिची वेणी आली, तीच धरली आणि ओढली. वेणी दुखली म्हणून ती मला बोलली. बोलली तेव्हा मला बरं वाटलं.

साहेब मग चिखलात बसले ते उठेचनात. मी चुलीवर चहा टाकला. त्यात साखर घालायची राहिली. त्यांनी तो गुपचूप प्याला आणि दुसऱ्या दिवशी मला सांगितलं.

दवाखान्यात वंदनाच्या खांद्यातला आकडा काढला, धनुर्वाताची सुई दिली. पांढरी झालर रक्तानं लाल झाली होती. साहेब भेटायला आले आणि आधी आकडा मागून घेतला. उजेडात धरून पाहिला. "वाकला नाही," म्हणाले. मग वंदनाला म्हणाले, "सूनबाई, दुखून राह्यलं का?"

"दुखून राह्यलं."

"दुखू दे."

पुढच्या उन्हाळ्यापासून त्यांनी एक काम मागं लावून घेतलं. पाऊस यायच्या आधी तलावात उतरायचं, गाळ खणलेला एकेक खड्डा पाहायचा, आणि तिथं उंच बांबू रोवून त्याला जुनं फडकं बांधायचं. पहिल्या वर्षी लोक हसले. सरपंच म्हणाले, "पेशकार साहेब, तलावाची शादी हाय काय?" साहेब म्हणाले, "या, मौका पाहाले या." पुढच्या वर्षी ट्रॅक्टरवाले आपणच बांबू आणू लागले. आता पाऊस पडला की पाण्यातून फडकी वर दिसतात आणि बायका त्यांना वळसा घालून जातात.

वंदनाला ते पोहायला शिक म्हणाले. ती शिकली, मुधोळला माहेरी जाऊन, भावाच्या विहिरीत. साहेब स्वतः कधी शिकले नाहीत. "आता या वयात कोन मले पाण्यात घेते," म्हणायचे, आणि रोज त्याच दगडावर उभे राहायचे.

मागच्या थंडीत ते गेले. आपल्या खाटेवर, दुपारचं जेवून पडले होते तेव्हा. काकूंनी मोराची पेटी वंदनाला आणून दिली. "बांगड्यांची आता सवय मोडली," एवढंच म्हणाल्या. पेटीत सगळ्या फिरक्या पुसून ठेवलेल्या होत्या. एका कोपऱ्यात ती मोडकी पांढरी फिरकी होती, पातीशिवाय.

वंदना सकाळी मिरची तोडायच्या आधी दगडावर उभी राहते, पाण्यात कोपरापर्यंत हात बुडवते. कधी मरळ लागते, कधी पंचनामा चुकतो. लागली तर मी शिजवते.

पाण्यात त्या दिवशी वंदना गेली होती. साहेब गेले, वंदना आहे.