वायरलेसभाऊंची वाकलेली रेकॉर्ड

वायरलेसभाऊंच्या हाती निरोप द्यायचा तर शब्द जपून वापरावे लागत. एकदा माझ्या बायकोने त्यांना माझ्याकडे धाडलं. मी राजुऱ्याच्या चौकात, पानठेल्यापाशी, सहा माणसं गोळा करून कुठलीशी कथा रंगवत होतो. भाऊ आले, पाय जुळवून उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "निरोप. 'त्या तोंडपाटलाले सांगा, जेवाचं असंन तं आत्ता ये, नाई तं तिथीच उपाशी मर.' निरोप संपला."

सहाही माणसं पोट धरून हसली. मी घरी जाता जाता चिडून म्हटलं, "भाऊ, जरा गोड करून सांगता आलं नसतं का?"

"गोड करनं मायं काम नाई," ते म्हणाले. "जसं आलं तसं पुढं."

सगळी नोकरी त्यांनी याच एका वाक्यावर काढली होती. भामरागडला ते सरकारी वायरलेस ऑपरेटर होते. पावसाळ्यात नद्या फुगल्या की रस्ता बंद, आणि मग जगाशी बोलायला एक त्यांची खोली आणि तिच्यातलं ते यंत्र. पुराचं पाणी किती चढलं, कुठल्या गावाला औषध हवं, कोण गेलं, कोण जन्मलं, सगळं त्यांच्या तोंडून जाई. आणि त्यात त्यांचा स्वतःचा एक शब्दही नसे. चुकीचा आकडा गेलाच तर पुन्हा यंत्र लावून आधी मोठ्याने म्हणायचं, "दुरुस्ती". मग खरा आकडा. "चूक कोनाचीबी होते, मास्तर," ते मला सांगत, "पन दुरुस्ती ज्याची त्यानंच पाठवाची."

मी त्यांचा भिंतीला भिंत लागून शेजारी. पोटासाठी शाळेत मराठी शिकवतो आणि हौसेसाठी तालुक्यातल्या लग्नामुंजीत, निरोप समारंभात माईक धरतो. मांजराचा वाघ करणं हा माझा धर्म. असा मी आणि असे ते.

आता या माणसाला जॅझचं वेड लागावं हे कुणाला खरं वाटेल? पण लागलं तेही भामरागडलाच. कोसळत्या पावसात ड्युटी संपली की भाऊ स्वतःच्या रेडिओची सुई सरकवत बसत, आणि एकदा खरखरीतून एक ट्रम्पेट निघालं. निवेदकाने सांगितलेली नावं खरखरीत बुडून जात, म्हणून भाऊंनी आपलीच ठेवली. जाड आवाजाचा सॅक्सोफोनवाला तो 'रानगवा'. ड्रमवाला 'सुतारपक्षी'. आणि तो ट्रम्पेटवाला 'उपाशी', कारण तो रात्रभर जेवला नसल्यासारखा वाजवतो. पुढे रेकॉर्डच्या पाकिटांवर खरी नावं छापलेली मिळाली, तरी भाऊंनी बारसं बदललं नाही.

एकच धून आठ वेळा आठ तऱ्हांनी वाजवणारं हे संगीत मला कधी कळलं नाही. तसं मी बोलूनही दाखवलं. भाऊ तळ्यावर मासे धरणाऱ्या घरातले. ते म्हणाले, "माया बाप रोज एकाच तळ्यात, एकाच दगडावरून जाळं फेके. जाळं तेच, हात तोच. पन दोन वेळा सारखं पडलं का कधी? मंग!"

निवृत्तीनंतर राजुऱ्यात घर बांधलं तेव्हा मधली खोली त्यांनी मुद्दाम जाड मातीच्या भिंतींची केली. आपल्याकडचा उन्हाळा म्हणजे रेकॉर्डचा वैरी. ऊन लागलं की पापडासारखी वाकते. कूलर लावावा तर त्याच्या ओलाव्याने पाकिटाला बुरशी चढते. म्हणून रेकॉर्डी मातीच्या खोलीत सागाच्या फळीवर ताठ उभ्या, आणि भाऊ व्हरांड्यात घामाघूम. "माया काय," म्हणायचे, "मी वाकलो तरी वाजतो."

त्यांना रेकॉर्डी पुरवायचे मुंबईचे पिंटोसाहेब. वय झालेला दुकानदार. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, पण दर रविवारी सकाळी दहाच्या ठोक्याला पिंटोसाहेबांचा फोन येई. कुठली जुनी रेकॉर्ड कंपनी नव्याने काढते आहे, जुन्यापेक्षा नवीत काय जास्त आहे, यावर तासभर खल. अशा पुन्हा काढलेल्या रेकॉर्डला ते 'रीइश्यू' म्हणत, आणि भाऊ तो शब्द नातवाचं नाव घ्यावं तसा घेत. मी त्यांना छेडायचो, "भाऊ, तीच रेकॉर्ड चौथ्यांदा घेऊन राहिले?" ते म्हणत, "हिच्यात मागं फेकून देलेलं वाजवनं टाकलंय रे. उपाशी जिथी चुकला ते."

उपाशी अशीच चुकलेली आणखी एक मैफल भाऊंनी भामरागडला रेडिओवर ऐकली होती. त्याने सुरुवातच चुकीची केली, थांबला, ऐकणाऱ्यांतून कुणीतरी हसलं, आणि त्याने पुन्हा धरलं. अर्ध्यात स्टेशन विरून गेलं. उरलेला अर्धा भाग भाऊ तीस वर्षं शोधत होते. कुठल्याच रेकॉर्डवर तो नव्हता. आणि एका एप्रिलात पिंटोसाहेबांचा फोन आला: मैफल सापडली, अख्खी, रेकॉर्डची एक पूर्ण बाजू, पण प्रती मोजक्याच.

होळीपासून मृग लागेपर्यंत पार्सल मागवायचं नाही, हा भाऊंचा नियम. तो त्यांनी त्या एकदा मोडला. गावातला कुरिअरवाला पोऱ्या पार्सल मोटरसायकलला बांधून उन्हात फिरवेल, म्हणून ते चंद्रपूरच्या ऑफिसातच ठेवून घ्यायला सांगितलं आणि आणायचं काम मला दिलं. "गाडीत ठेवजो नोको, मास्तर. मांडीवर घेजो. उतरला तं संगं उतरवजो. लेकरू समज."

मे महिन्यातला शनिवार. पार्सल घेतलं, शेजारच्या सीटवर ठेवलं. वाटेत बल्लारपूरला बायकोच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. काखेत चौकोनी खोकं घेऊन मांडवात शिरलो तर लोक आहेर समजतील, म्हणून ते गाडीतच ठेवलं, काचा लावल्या आणि गेलो. मांडवात कुणीतरी माईक दिला. मी काय सादर केलं असेल? वायरलेसभाऊ! पाय जुळवून, "निरोप! नवरदेवाले सांगा..." मांडव नुसता कोसळत होता. अर्ध्या तासात जेवून निघालो.

भाऊंनी माझ्यासमोरच पार्सल फोडलं. रेकॉर्ड काढली, डोळ्यांच्या रेषेत धरली. तिची कड पुराच्या पाण्यासारखी वर-खाली झाली होती. त्यांनी ती हळूच पाकिटात सरकवली. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "मास्तर, उन्हात व्हती का?"

"नाही," मी म्हणालो. "मांडीवरच होती. तिकडूनच अशी आली असेल."

भाऊंनी पिंटोसाहेबांना फोन करून वाकडा माल पाठवल्याचं सांगितलं. ते म्हणाले, मी स्वतः काचेवर ठेवून पाहिली होती, सपाट होती. भाऊंनी फोन हातात तसाच धरून मला विचारलं, "मंग खोटं कोन बोलून राह्यलं?"

या प्रश्नाला एका शब्दात उत्तर होतं. मी खांदे उडवले आणि म्हणालो, "मुंबईचे लोक, भाऊ."

त्या रविवारी दहाला फोन वाजला. भाऊंनी उचलला नाही. पुढच्या रविवारीही नाही. मग तो वाजायचा थांबला.

रेकॉर्ड त्यांनी लावून पाहिली. बाहेरच्या कडेला सुई उड्या मारी, आतल्या अंगाला मात्र नीट चाले. म्हणजे सुरुवातीचा अर्धा भाग गेला, शेवटचा वाजला. ऐकून झाल्यावर माझंच तोंड उतरलेलं पाहून ते म्हणाले, "पयला अर्धा भामरागडात आयकला, दुसरा आज. काऊन रडून राह्यला? झालं ना पुरं." माझी समजूत काढत होते. माझी!

असं दोन वर्षं चाललं. मी त्या अवधीत किती लग्नांत माईक धरला ते विचारू नका. भाऊंचे कान मात्र जाऊ लागले. आधी सुतारपक्षी ऐकू येईनासा झाला, मग उपाशी. एका रविवारी दहाच्या सुमारास मी सहज गेलो तर भाऊ मुक्या फोनशेजारी बसलेले. म्हणाले, "मास्तर, पिंटो खोटा मानूस नव्हता रे. त्यानं काई वेगळं सांगतलं असंन, अन् माया कानानं चुकीचं घेतलं. कानच गेले माये."

आपल्या खोट्यापायी एक म्हातारा स्वतःच्या कानांवर आळ घेतोय, हे माझ्यासारख्या निगरगट्टालाही सोसलं नाही. मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडून सांगितलं. लग्न, गाडी, बंद काचा. आणि अर्धा तास.

भाऊंनी फोन माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "फोन लाव त्याले. मले नको सांगू, त्याले सांग."

लावला. सांगितलं. पिंटोसाहेब एवढंच म्हणाले, "अच्छा. भाऊंना द्या."

पण भाऊंना फोनवर काही कळेना. कानातलं यंत्र शिट्ट्या मारू लागलं. तेव्हा त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आता तू ऑपरेटर. तो बोलते ते मले सांगजो, मी बोलतो ते त्याले. आपल्या पदरचा एक शब्द नाई टाकाचा."

आणि पहिला निरोप दिला: "पिंटोसाहेब, अर्ध्या तासात रेकॉर्ड येवढी वाकत नाई. थोडी वाकून तुमच्याकडूनच आली असंन. अर्धी चूक मास्तरची, अर्धी तुमची. झालं गेलं."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी तो निरोप शब्दशः पुढे पाठवला. मग पिंटोसाहेब म्हणाले, "बरं." मी भाऊंना ओरडून सांगितलं, "बरं म्हणतात."

त्यानंतर दर रविवारी दहाला मी त्या दोघांच्या मधे बसलो. हाताला मिरचीमसाल्याची सवय, पण टाकला नाही. शेवटच्या रविवारी पिंटोसाहेबांनी स्वतःची प्रत लावली, तीच मैफल, आणि फोन प्लेयरपाशी धरला. भाऊ खाटेवर होते. डोळे मिटून म्हणाले, "आता चुकंन तो. चुकला?"

"चुकला."

"हासलं कोनी?"

"हसलं."

"पुन्ना धरलं?"

"धरलं, भाऊ."

त्यांनी मान हलवली. चार दिवसांनी ते गेले. रेकॉर्डी अजून मातीच्या खोलीत उभ्या आहेत, किल्ली माझ्याकडे आहे.

तेराव्यानंतरच्या रविवारी दहाला माझा फोन वाजला. "मास्तर," पिंटोसाहेब म्हणाले, "सवयीने लावला. काय वाजवू?"

मी पाय जुळवून उभा राहिलो. नक्कल नव्हती ती. "थांबा, साहेब," म्हटलं. "दुरुस्ती. तो अर्धा तास नव्हता. तीन तास होते. लोकांनी वन्स मोअर दिला, मी भाऊंची नक्कल दोनदा केली, मग पंगतीला बसलो. गाडी भर उन्हात होती. तुमची रेकॉर्ड सरळच आली होती."

मग त्यांनी विचारलं, "हे भाऊंना सांगितलंत?"

माझ्याकडे छान उत्तर तयार होतं. भाऊंना ठाऊकच होतं म्हणून, शेवटी हसले होते म्हणून. प्रसंग असा उभा केला असता की पिंटोसाहेबांचे डोळे भरून आले असते.

"नाही," मी म्हणालो.